हेल्मेट आणि पदर

माझ्या बहिणीच्या सासऱ्यांसमोर कुठलाही परग्रहवासी आणून उभा केला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “ह्यो मुतनार कुटून?”

प्रश्न अगदी रास्त होता. विज्ञानकथांच्या चाहत्यांची संमेलनं भरतात, तिथे येणारे लोक महिनोन्‌महिने खपून स्वतःच्या हाताने पोशाख करतात. खांद्यावर दिवे, पाठीला पंख, तोंडाला मुखवटा. आणि मग दिवसभर पाण्याला शिवत नाहीत, कारण एकदा त्या पोशाखात शिरलं की बाहेर काढायला दुसरं माणूस लागतं. मी स्वतः माझ्या पहिल्या संमेलनात घशाला कोरड पडली तरी बाटली उघडली नव्हती. हे ऐकून मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सासऱ्यांना माझी बहीण मामा म्हणायची, म्हणून मीही मामाच म्हणायचे. त्या दिवसापासून तिने शिवलेल्या प्रत्येक पोशाखात एक चोरचेन असायची, आणि पुण्यातली माझी मित्रमंडळी त्या चेनसाठी तिला दुवा द्यायची.

मी जालन्यात शाळेत विज्ञान शिकवते. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी रजा टाकून संमेलनाला जाते. आमच्या शिक्षकखोलीत सगळ्यांचा समज आहे की मी विज्ञान प्रदर्शनाला जाते, आणि तो समज मी मोडलेला नाही. चाळिशीकडे झुकलेली बाई निळा रंग फासून, डोक्याला शिंगं लावून मिरवते हे मुख्याध्यापकांना कोण समजावणार? हा नाद मला पुण्यात शिकताना लागला. पहिला पोशाख मी माझा मीच शिवला होता. तो सुट्टीत घेऊन गेले तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, तो दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाली, “बारके, कापूस भरायची गोनी का गं ही?” मी म्हटलं, अंतराळवीराचा पोशाख आहे. तिने तो रात्रीतून उसवला आणि सकाळी मशीनवर बसली. तेव्हापासून मी फक्त कल्पना लढवायची आणि तिने शिवायचं, अशी वाटणी झाली ती झालीच.

अक्काचं दुकान म्हणजे कुंभार पिंपळगावातल्या तिच्या घराची पुढची खोली. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. बाजाराच्या दिवशी बायका वाटेवर थांबून मापाचा ब्लाउज टाकून जायच्या आणि परतताना चहा पिऊन जायच्या. जवळच्या जांबला रामनवमीची गर्दी असली की पताका आणि टोप्या. याच्या मधेमधे आमचे परग्रहवासी. खुंटीवर एका बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा जरीचा ब्लाउज आणि त्याच्या शेजारी फोमचं चिलखत लटकलेलं असायचं, आणि गावाने हे दृश्य कधीच पचवून टाकलं होतं. “तुमच्या त्या भुताचं झालं का?” असं बायका सहज विचारायच्या.

मामांना लकवा झाला तेव्हा त्यांची बाज मागच्या खोलीत टाकली होती. उजवी बाजू गेली, पण बोलणं शाबूत राहिलं, आणि ते बोलायला मागच्या खोलीत कुणी नव्हतं. माणूस आयुष्यभर चार लोकांत उठबस केलेला. तो भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. एक दिवस अक्कानेच दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला सांगितलं, बाज पुढं आना. दुकानात. दाजी म्हणाले, तुला अडचण होईल. ती म्हणाली, होऊ द्या.

अडचण होती ती पदराची. त्या घरात सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, ही रीत. हे कुणी कधी फर्मावलं नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या सासऱ्यांसमोर घेतला होता, बस. आणि आता सासरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या मशीनसमोर. पायाने मशीन मारताना, वाकून सुई ओवताना पदर घसरायचा. ती तो अंबाड्याला टाचणीने टाचून ठेवायची. मामा म्हणायचे, “राहू दे गं पोरी, मी काय बघून राह्यलो का.” पण आतल्या दारात सासूबाई दिसल्या की अक्काचा हात आपोआप डोक्याकडे जायचा. मी चिडायचे. मी म्हणायचे, तुझ्या डोक्यावर पंखा आहे, खाली मशीन आहे, कधीतरी गुंतेल तो. ती हसून म्हणायची, “तू जालन्याला चिड, हितं नको.”

पण त्या बाजेने त्या दोघांचं जे काही जमवून दिलं ते त्या घरात कुणाचंच जमलं नव्हतं. मामांना पोशाखांचं वेड लागलं. मी जालन्याहून चित्रं पाठवायचे, अक्का ती त्यांना दाखवायची, आणि मग दिवसभर खल. हा कुठल्या ग्रहावरचा? तिथं थंडी हाय का? थंडी हाय तर बाह्या अशा उघड्या कशा? माझ्या एका मैत्रिणीने स्वतःसाठी चार हातांचं पात्र काढलं होतं. मामांनी विचारलं, “चार हात हायेत तर पोटाला चार हातांचंच खाया लागत आसंल. पोट का बारीक काडलं?” मैत्रिणीने खरंच पोट मोठं करून घेतलं. काही वेळा मामांचं अगदीच चुकायचं. फोमला पाणी लागलं की ते कापसासारखं फुगतं असं त्यांनी छातीठोक सांगितलं, आणि अक्काने त्यांच्या शब्दावर एका आख्ख्या चिलखताला मेण चोळलं. ते चिलखत पुण्याच्या उन्हात असं काही चिकट झालं की घालणाऱ्या मुलाला सगळी धूळ येऊन बिलगली. मामांनी मात्र मान्य केलं नाही. मेणच खोटं निघालं म्हणाले.

त्यांना पोशाख बघायचा असायचा तो माणसाच्या अंगावर. खुंटीवरचा नाही. मी गेले की मला घालायला लावायचे, दाजींना लावायचे, एकदा मापाला आलेल्या पोस्टमनलाही त्यांनी तो हिरवा मुखवटा घालायला लावला होता. आणि दर वेळी शेवटी अक्काला म्हणायचे, “समद्यांला घालून पाटवतीस. तू कवा घालनार?”

अक्का टाचणी नीट करायची आणि मशीन सुरू करायची.

मग हैदराबादच्या संमेलनाचं कळलं. तिथे एक स्पर्धा होती आणि तिची अट अशी, की ज्याने पोशाख शिवला त्यानेच तो घालून मंचावर यायचं. ही अट वाचल्यावर मला फक्त अक्का दिसली. इतकी वर्षं तिचं काम आमच्या अंगावर मिरवत होतं, लोक शिवण उलटून बघत होते, आणि ती कुंभार पिंपळगावच्या बाहेर एकदाही त्यासाठी पडली नव्हती. मी रविवारी गेले आणि बाजेजवळ बसून मुद्दाम मामांसमोरच विषय काढला.

“मी? हे घालून? लोकांत?” अक्काने कात्रीच खाली ठेवली. “डोकं फिरलं का तुझं? पोरगी दहावीला हाय माझी.”

“पोरगी दहावीला हाय, तू थोडीच हायस,” मामा म्हणाले. “जा. बिलकुल जा. हैद्राबाद हाय, काही परदेश न्हाई. परतूरला गाडीत बसलं की झालं.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. नऊवारी, उंच, कमी बोलणारी बाई. त्यांच्यापुढे मीही आवाज खाली घ्यायचे, आणि मी कुणापुढे घेत नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, “त्यात पाय दिसत्याल का?”

अक्का म्हणाली, “न्हाई आत्याबाई. कासोट्यावानी घेते.”

“मंग बघा,” असं म्हणून त्या आत गेल्या. ही परवानगी आहे की नाही यावर आम्ही बराच वेळ वाद घातला. मामांनी निकाल दिला की आहे.

पात्र अक्काचं स्वतःचं होतं, मी त्यात काहीही सुचवलं नाही. सगळीकडे धूळ झालेल्या एका ग्रहावर शेवटचं बियाणं सांभाळणारी बाई. आतलं खाकी कापड गणवेशाच्या ठाणातलं, कोरं. त्यावर नऊवारीसारखं फिरवून घेतलेलं शेडनेटचं हिरवं जाळं. हातापायांवरून ठिबकच्या काळ्या नळ्या. पाठीवर प्राणवायूच्या टाकीच्या जागी फवारणीचा जुना पंप, स्वच्छ धुऊन रुपेरी रंगवलेला. हेल्मेट म्हणजे पिण्याच्या पाण्याचा मोठा जार कापून, काठाला रेक्झिनची पट्टी शिवलेला. आणि छातीवर पारदर्शक खिसे, त्यांत बियाणं. कुठलं बियाणं यावर सासरा-सुनेचं आठवडाभर चाललं होतं. अक्काला सोयाबीन हवं होतं, दिसायला गोल आणि छान. मामा ऐकेनात. “जितं पानीच न्हाई तितं सोयाबीन काय करती? करडई ठेव. शाळू ठेव. जे तग धरतं ते ठेव.” शेवटी करडई, शाळू, तूर आणि अंबाडी असं ठरलं, आणि डाव्या हाताने मामांनी एकेक दाणा निवडून दिला.

निघायच्या दिवशी दुपारी मी तिथे पोचले तेव्हा सगळं गाठोड्यात बांधून झालं होतं. हेल्मेट तेवढं मशीनवर होतं. मामा म्हणाले, “पोरी, घालून दाखव की.”

अक्का थबकली. “हितं कसं मामा?”

“का? काय झालं?”

काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. त्या पोशाखात पदर नव्हता. खाली विजार होती, वर अंगाबरोबर शिवलेलं कापड होतं. परक्या शहरातल्या परक्या लोकांत ती तसं उभी राहायला तयार झाली होती, पण ज्यांच्यासमोर लग्न होऊन आल्यापासून एकदाही उघड्या डोक्याने आली नव्हती त्यांच्यासमोर, त्यांच्याच घरात, सासूबाई दारात असताना, तिला ते जमेना. मामांनी हेल्मेटाकडे बोट केलं. “डोकं तर झाकलेलंच हाय की! आता यापरीस मोठा पदर कोनता आस्तो?”

आम्ही सगळे हसलो. दाजी हसले, मी तर पोट धरून हसले. सासूबाई सूप घेऊन दारात बसल्या होत्या, त्यांनीही तोंडाला पदर लावला. क्षणभर असं वाटलं की आता घालेल. अक्का सासूबाईंकडे बघत होती. सासूबाई सुपाकडे.

“तितून फोनवर दाखवते मामा,” अक्का म्हणाली. “समदं घालून. पंपासगट.”

“फोनवर तर फोनवर,” मामा म्हणाले. “फोनवर मी काय सासरा लागतो का.” पण त्यांचा चेहरा जरा उतरला होता. मी तो बघितला आणि गाडीच्या गडबडीत विसरले.

हैदराबादला सकाळी पोचलो. ते मोठं सभागृह, दारापासूनच यंत्रमानव आणि राक्षस आणि चंदेरी मुली, आणि त्यांच्यात साडी नेसून, हातात बोचकं घेऊन उभी माझी बहीण. मला वाटलं होतं ती बावरेल. ती थेट एका पंखवाल्या मुलाजवळ गेली आणि त्याची शिवण उलटून बघायला लागली. “टाका लांब घातलाय,” मला म्हणाली. “संध्याकाळपर्यंत न्हाई टिकत.”

दुपारी कपडे बदलायच्या खोलीतून ती बाहेर आली आणि मी माझ्या बहिणीला ओळखलं नाही, हे अगदी खरं सांगते. ती ताठ उभी होती. मशीनवर वाकून वाकून तिची मान जरा पुढे आली आहे, पण पाठीवरच्या पंपाने ती मागे खेचली गेली होती. काखेत हेल्मेट, छातीवर बियाण्याचे खिसे. मी आरडाओरडा केला, फोटो काढले. ती म्हणाली, “आदी मामांला फोन लाव. मंग तुझं काय ते कर.”

दाजींचा फोन लावला, व्हिडिओवर. बराच वेळ वाजला. उचलला तो सासूबाईंनी. त्या दिसत नव्हत्या. पत्र्याचा कोपरा आणि पांढरं आभाळ दिसत होतं. त्यांना फोन धरता येत नाही हे आम्हाला ठाऊक होतं, त्यामुळे आम्ही हसलो.

“आत्याबाई, मामांला द्या.”

“त्यांचा डोळा लागलाय,” सासूबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता. “मला दाखव.”

“मंग उटल्यावर लावते.”

“न्हाई. आता दाखव. मी सांगते त्यांला.”

अक्काने फोन माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे गेली. सासूबाई म्हणाल्या, फिर. ती फिरली. “पंप बराबर बसलाय. त्या नळ्या का लोंबून राह्यल्या? हां, आसं. अन् ते डोस्क्यावरचं घाल, त्याच्याबिगर कसं सांगू मी.” अक्काने हेल्मेट चढवलं. जारच्या आतून तिचा चेहरा पाण्यात बघावा तसा दिसत होता, आणि ती हसत होती. तिकडून काही वेळ आवाजच आला नाही. मला वाटलं फोन तुटला. मग सासूबाई म्हणाल्या, “चांगलं दिसतं. जा आता. नीट जा.”

मंचावर तिचा नंबर आला. निवेदकाने हिंदीत विचारलं, आप किस ग्रह से आयी हैं? हेल्मेट काढून, काखेत धरून, तिने आमच्याकडच्या हिंदीत सांगितलं, “हमारेच गाँव का है. बहोत बाद का.” आधी लोक हसले. मग तिने छातीवरचा एकेक खिसा दाखवत बियाणं सांगितलं, यह करडई, इसको पानी नको, यह अंबाडी, आणि सभागृह शांत होत गेलं. टाळ्या वाजल्या त्या मनापासून वाजल्या. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, एका फार सुंदर डायनासोरला. अक्काला त्याचं काहीच नव्हतं. अनोळखी मुली येऊन तिचा हात धरत होत्या, शिवण कशी घातली विचारत होत्या, आणि ती सांगत होती, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, न थांबता. घरात ती एवढं कधी बोलत नाही. मी तिला इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलेलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि एकदम म्हणाली, “बारके, मी घरी गेले की घालूनच दाखवते मामांला.”

“अन् आत्याबाई?”

“बघू द्या की त्यांलाबी. फोनवर बघितलंच की. काय झालं? आभाळ पडलं का?” आणि मग जरा थांबून, “मला निघायच्या टायमालाच घालायला पायजे व्हतं. त्यांचं तोंड उतरल्तं. बघितलं का तू?”

मी म्हटलं, बघितलं.

परतूरला आम्हाला न्यायला दाजी आले नव्हते. त्यांचा चुलतभाऊ जीप घेऊन आला होता. अक्काने गाठोडं जीपमध्ये टाकत विचारलं, हे का न्हाई आले? तो आमच्याकडे न बघता म्हणाला, “वहिनी, काका गेले. काल सकाळीच. झोपेतच गेल्ते. दुपारी उरकलं समदं.”

अक्का जीपमध्ये बसली आणि पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर मला म्हणाली, “काल दुपारी आपन फोन लावल्ता.” मी हो म्हटलं. एवढंच. माझ्या डोळ्यांसमोर तो पत्र्याचा कोपरा आला आणि मला भरून आलं. आदल्या दिवशीच्या टाळ्या आठवून लाज वाटली, आणि लाज कशाची वाटते आहे तेही धड कळेना. कुणी काही वाईट केलं नव्हतं.

घरात बायका बसलेल्या होत्या. पुढच्या खोलीतली बाज काढून भिंतीला उभी लावली होती. अक्का सासूबाईंच्या गळ्यात पडली, रडली, जे करायचं ते सगळं झालं. दहावं झालं, तेरावं झालं. त्या दिवसांत फोनबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं तिने गिळलं. तेराव्याची माणसं पांगल्यावर मी आवराआवरीला थांबले होते, दाजी पाहुण्यांना सोडायला गेले होते, आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. तेव्हा अक्का ताट खाली ठेवून सासूबाईंना म्हणाली, “मला सांगायचं व्हतं तुमी.”

सासूबाई पुसत राहिल्या. “निगाली असतीस तरी पोचली नसतीस.”

“न्हाई पोचले असते. पन मला ठावं तरी असतं.”

“ठावं असतं तर घातलं असतंस का?” सासूबाईंनी विचारलं. “कानावर आलं की सुतक लागलं. मंग कोरं कापड अंगाला लागत न्हाई, चार लोकांत मिरवनं तर सोडच. न्हाई कळलं तवर मानूस मोकळं अस्तं. म्हनून मी समद्यांला दम दिल्ता, कुनी फोन करायचा न्हाई. त्यांचं तर गेलंच. म्हनलं, तुझा दिस तरी ऱ्हाऊ दे.”

मी ऐकत होते. त्यांनी स्वतःच्या नवऱ्याची तिरडी उठल्यावर, बायकांच्या घोळक्यातून उठून, फोन घेऊन जिन्यावर जाऊन हा हिशेब केला होता, आणि तो सुनेच्या बाजूने केला होता. रिवाजावर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं आहे. त्याच रिवाजातली एक फट शोधून या बाईने माझ्या बहिणीला तिचा दिवस दिला, हे मला कळत होतं. आणि तो दिवस आता तिला नको होता, हेही कळत होतं.

“ज्यांला दाखवायचं व्हतं ते जळून राह्यले व्हते,” अक्का म्हणाली, “अन् मी हसत फिरून राह्यली व्हती. तुमी मला फिर म्हनल्या अन् मी फिरले.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुमी बघितलं आत्याबाई. त्यांनी न्हाई बघितलं.”

सासूबाईंनी फडकं मांडीवर ठेवलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. “तू निगालीस त्या दिशी माज्या तोंडावर आल्तं,” त्या म्हणाल्या. “तू माज्याकडं बघून राह्यली व्हतीस, मला ठावं व्हतं. घाल म्हनायचं व्हतं. एवडाच सबद. त्यांनी बघून घेतलं असतं. म्हनलेच न्हाई मी. का न्हाई म्हनले, मलाबी सांगता येत न्हाई.”

बाहेर कुणीतरी ब्लाउजचं विचारायला आलं होतं, त्याला शेजारणीने परत पाठवल्याचं ऐकू आलं.

मग सासूबाई अक्काकडे वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाला काही मागताना ऐकलं नव्हतं. “आता घालतीस का?” त्या म्हणाल्या. “मला बघू दे. त्या दिशी फोनात न्हाई दिसलं मला काही. डोळे भरल्ते. बराबर बसलंय म्हनले, पन मला काहीच दिसून न्हाई राह्यलं व्हतं.”

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं उठेल. मी तर मनात तिला ऊठ ऊठ म्हणत होते. तिने खाली ठेवलेलं ताट पुन्हा हातात घेतलं आणि पुसायला लागली.

“न्हाई आत्याबाई,” ती म्हणाली. “आता न्हाई.”

सासूबाईंनी मान हलवली, आणि त्यांनीही पुढचं भांडं उचललं.